दुष्काळाची टॅली

(भंडारा जिल्ह्यात भरलेल्या युवकांच्या शिबिरातलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय.)



आजच्या विषयाचं नाव सरकारी आहे. दुष्काळाचं सनियंत्रण आणि शेतीसाठी पूर्वतयारी. नाव ऐकल्याबरोबर मागची चार पोरं चहाला निघाली, ते मी इथून पाहिलं. बसा भाऊ. सनियंत्रण म्हणजे नजर ठेवणं, एवढंच. ह्या देशात हजारो वर्षं नजर आपल्यावर ठेवली गेली. कोण कुठल्या विहिरीवर गेला, कोणाची सावली कुठं पडली, कोणाच्या पोरीनं नवं लुगडं नेसलं. आज आपण नजर ठेवायची आहे. पावसावर, तळ्यावर आणि तहसील कचेरीवर. म्हणून हा विषय आपला आहे.

पहिली गोष्ट. इथं येताना दोघाचौघांनी मला विचारलं, "भंडाऱ्यात कायचा दुष्काळ बापा? दुष्काळ तं तिकडे मराठवाड्यात." बरोबर आहे त्यांचं. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. वैनगंगा आहे, चुलबंद आहे, बावनथडी आहे, गोसेखुर्द आहे. वर्षाचा पाऊस बाराशे-तेराशे मिलिमीटरच्या घरात. माणदेशातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, तुमच्याकडे देवच राहतो. ३१ ऑक्टोबर २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत भंडारा जिल्ह्यातला एकही तालुका नव्हता. यादी चूक होती की बरोबर, ह्यावर मी आज भांडत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की यादी कोण करतं, कशावरून करतं आणि त्या मोजणीत आपण कुठं असतो.

धानाचा दुष्काळ वेगळा असतो. ज्वारीचा दुष्काळ डोळ्यांना दिसतो, भेगाळलेली जमीन, हाडं निघालेली ढोरं, वर्तमानपत्रात फोटो. धानाचा दुष्काळ हिरवा असतो. तो रस्त्यावरून जाणाऱ्या साहेबाच्या जीपमधून दिसत नाही. मृगात पाणी आला, पऱ्हे टाकले, पऱ्हे उगवले. मग जुलैत पाऊस वीस-पंचवीस दिवस गायब. बांधीत चिखल होत नाही, रोवणी थांबते. पऱ्ह्याचं वय तीन आठवड्यांचं असावं, फार तर पंचवीस दिवसांचं. ते पस्तीस-चाळीस दिवसांचं होतं. रोप म्हातारं झालं की त्याला फुटवे कमी येतात. पुढं ऑगस्टात धो धो पाऊस आला, नाले फुगले, टीव्हीवर पूर दाखवला, वर्षाची सरासरी भरली. कागदावर शंभर टक्के पाऊस. पण धान गेलं ते जुलैतच गेलं होतं. तसंच दुसऱ्या टोकाला. सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरात धान निसवतं, लोंबीत दूध भरतं. तेव्हा पंधरा दिवस पाणी नाही मिळालं की लोंबी वरून डौलदार, आत पोचट. पाखडताना कळतं. तोवर सारे पंचनामे आटपलेले असतात.

म्हणजे किती पाऊस पडला, हा प्रश्न अर्धा झाला. कधी पडला, हा उरलेला अर्धा. आणि आपल्या जिल्ह्यात हा उरलेला अर्धाच माणसाला मारतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. जून-सप्टेंबरची बेरीज करून बसणाऱ्याला तो महिना दिसत नाही. बांधीत उभ्या असलेल्या बाईला दिसतो.

आता तळ्यांकडे येऊ. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या पट्ट्यात मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. सहा-सात हजार म्हणतात. गोंदिया जिल्हा १९९९ साली आपल्यातून वेगळा झाला, पण तळी एकाच हाताची आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी ती बांधली, हे इतिहासात लिहिलेलं आहे. लिहिलेलं नाही ते मी सांगतो. पाळीवर जी माती पडली ती कोणाच्या तरी डोक्यावरच्या टोपलीतून पडली. त्यात वेठीचे हात होते. त्या टोपलीवाल्याचं नाव कुठल्या तळ्याला नाही. म्हणून मालगुजाराचा काळ सोन्याचा होता असं गाणं मी गाणार नाही.

पण तळं ही अक्कल आहे, ती मान्य केली पाहिजे. चार महिन्यांत पडलेला पाऊस उताराला अडवायचा आणि खंड पडला की तुडुमातून बांधीला सोडायचा. जुलैच्या पंचवीस कोरड्या दिवसांवर ह्या मुलखानं शोधलेला हा उपाय आहे. दुष्काळाची पूर्वतयारी हा शब्द सरकारनं काढायच्या आधी ती तयारी इथं पाळ बांधून उभी होती.

मग झालं काय? १९५० साली मध्य प्रदेश सरकारनं मालगुजारी खलास करण्याचा कायदा केला. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. मालगुजारी गेली, फार चांगलं झालं. तळी सरकारची झाली. नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, तोंडी मामा तलाव. छोटी तळी जिल्हा परिषदेकडे, मोठी पाटबंधारे खात्याकडे. आणि तुडुम कोणी उघडायचं, पाळीवरची माती कोणी ओढायची, गाळ कोणी काढायचा, हे कोणाकडेच राहिलं नाही. मामा तर झाला, पण भाच्याला विचारत नाही. गाळ भरत गेला. बेशरम उगवली. तळ्याच्या पोटात शेतं आली, आणि ती शेतं गावातल्या ज्याच्या हातात काठी आहे त्याची आली. तळ्यात पाणी साठायची जागा निम्मी झाली तर दुष्काळाशी लढायचं बळ निम्मं झालं. पाऊस तेवढाच पडला तरीसुद्धा. हा दुष्काळ आकाशातून आलेला नाही.

आता मोजणी.

जुनी मोजणी पैसेवारीची. त्याआधी तिला आणेवारी म्हणत. इंग्रजांच्या जमाबंदीतून आलेली. शेतातला ठराविक तुकडा कापायचा, उतारा काढायचा, चांगल्या वर्षाच्या उताऱ्याशी ताडून पाहायचा. पन्नास पैशांच्या खाली आली तर टंचाई. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग डिसेंबरात अंतिम. डिसेंबर म्हणजे कधी? तोवर आपला माणूस नागपूरच्या बांधकामावर नाहीतर वीटभट्टीवर पोचलेला असतो, बाया तेलंगणात मिरची तोडायला जायची बोचकी बांधतात. मढं जाळून झाल्यावर वैद्य नाडी पाहायला येतो, त्यातली गत.

म्हणून २०१६ साली केंद्र सरकारनं दुष्काळाची नवी संहिता काढली आणि २०१७ पासून महाराष्ट्रानं ती लागू केली. ही समजून घ्या. कारण शत्रूची बंदूक कशी चालते हे सैनिकाला कळलं पाहिजे, आणि मित्राची बंदूक असली तरी कळलंच पाहिजे. पहिली पायरी पावसाची. तालुक्यात सरासरीपेक्षा किती कमी, आणि सलग तीन-चार आठवडे खंड पडला का. ही पायरी लागली तर दुसरी. पेरणी किती झाली, उपग्रहातून पीक किती हिरवं दिसतं, जमिनीत ओल किती, धरणात आणि भूगर्भात पाणी किती. दोन्ही पायऱ्या लागल्या तर तिसरी, प्रत्यक्ष शेतात. तालुक्यातली दहा टक्के गावं चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवडायची, शेतं पाहायची. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर निघालं तर दुष्काळ, आणखी वर गेलं तर गंभीर दुष्काळ. हे सारं ऑक्टोबर संपायच्या आत.

कागदावर हे पैसेवारीपेक्षा चांगलं आहे. लवकर आहे, शास्त्राला धरून आहे. मी शास्त्राच्या विरोधात बोलत नाही. बाबासाहेबांचा माणूस शास्त्राच्या विरोधात बोलूच शकत नाही. पण शास्त्राला डोळे कुठं लावलेत ते पाहा. पावसाचं यंत्र महसूल मंडळाला एक. मंडळात गावं कित्येक. जुलैचा पाऊस असा पडतो की बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं. यंत्र ज्या गावात आहे तिथं पडला तर साऱ्या मंडळात पडला. उपग्रह वरून हिरवं मोजतो. त्याला धान हिरवं, तणही हिरवं, धुऱ्यावरचं गवतही हिरवं. पोचट लोंबी त्याला आतून दिसत नाही. आणि पहिली पायरी लागली नाही तर पुढच्या पायऱ्यांवर पायच पडत नाही. दार बंद. आत कोण मेलं ते पाहायला कोणी येत नाही.

तुम्ही म्हणाल, हा गोदीत ओझी उचलणारा माणूस उपग्रहावर कसा बोलतो? गोदीतूनच बोलतो. गोदीत एक रीत आहे. जहाजातून माल उतरतो तेव्हा त्याची टॅली होते. जहाजाकडून एक माणूस मोजतो, किनाऱ्याकडून दुसरा मोजतो. दोघांच्या हातात दोन वह्या. संध्याकाळी वह्या जुळवतात. जुळल्या तर सही, नाही जुळल्या तर वाद, आणि वाद लागला की दोन्ही वह्या टेबलावर येतात. एकाच वहीवर जगात कुठला मालक विश्वास ठेवत नाही. शेटजी शेटजीवर ठेवत नाही. मग दुष्काळाची टॅली एकाच वहीनं का चालते? सरकार देणारं, सरकारच मोजणारं, आणि आपण भिजलेल्या कागदासारखे दारात उभे. साहेब, आमचं काहीतरी लिहा. दुसरी वही कुठाय? ती आपल्याकडे पाहिजे. माझ्या आजच्या भाषणाचं सार एवढंच आहे.

आणि मोजणारी यंत्रणा मनात आणलं तर किती चपळ असते तेही पाहा. २० जुलै २०२३ ला दिल्लीनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका आदेशात बंद केली. भाव चढत होते, एल निनोची भीती होती. म्हणजे जुलैच्या मध्यात दिल्लीला आकाशातलं कळत होतं. बंदरापर्यंत हुकूम एका रात्रीत पोचला. तो तांदूळ रोवणारी बाई त्याच आठवड्यात रिकाम्या हातानं घरी बसली होती का, हे विचारायला कोणता हुकूम कुठं पोचला?

इथं मुद्द्याच्या गाभ्याला हात घालतो. समजा, दुष्काळ जाहीर झाला. मिळतं कोणाला? जमीन महसुलात सूट, ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. पीककर्जाचं पुनर्गठन, ज्याला सोसायटी कर्ज देते त्याला. शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, ज्याचा पंप आहे त्याला. पोरांची परीक्षा फी माफ, हे मात्र आपल्यालाही. पिकाच्या नुकसानीची मदत, केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, दोन हेक्टरपर्यंत. ८,५०० म्हणजे एकराला साडेतीन हजाराच्याही आत. बियाणं, चिखलणी, रोवणी, खत, ह्यांचा हिशेब घरी करून पाहा. आणि एवढंही सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्यालाच.

ठेक्यानं-बटईनं शेती करणाऱ्याचं काय? पिकाचा विमा काढायचा तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. कुठला जमीनवाला नोंदणीच्या कागदावर सही देतो? तो म्हणतो, "कागद मांगतेस तं राहू दे, दुसरा पाहतो." २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, २०२५ पासून तोही बंद झाला. म्हणजे घाम बटईवाल्याचा, पीक बुडालं ते बटईवाल्याचं, आणि मदत उतरते जमीनवाल्याच्या खात्यात.

आणि ज्याला बटईही मिळत नाही तो? रोवणीचे दिवस हीच आपल्या बायांची वर्षाची मोठी कमाई. रोवणी झाली नाही तर तिचं पीक बुडालं. तिचं पीक म्हणजे तिचे दिवस. ते कुठल्या पंचनाम्यात लिहितात? पंचनाम्यात हेक्टर आहेत, पैसे आहेत, शेतमजुराच्या बुडालेल्या दिवसांचा रकाना नाही. ढीवर भावाचं पीक तळ्यात. तळं फेब्रुवारीत आटलं तर त्याचं पीक गेलं. उपग्रहाला मासोळी दिसत नाही.

ही गोष्ट नवी नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळावरचं पुस्तक लिहिलं. त्यात १९४३ चा बंगालचा भूकबळी तपासला. माणसं मेली तेव्हा देशात धान्य होतं. मेले कोण जास्त? शेतमजूर, मासेमार. ज्यांच्या हाती धान्य विकत घ्यायची ताकद उरली नाही ते. भूक पावसानं लागते, पण मरण कोणाला यायचं हे पाऊस ठरवत नाही. ते समाजरचना ठरवते. आपल्या गावची समाजरचना म्हणजे काय, ते मला ह्या मांडवात सांगायची गरज नाही.

१९७२ चा दुष्काळ तुमच्या आज्यानं सांगितला असेल. मिलो, सुकडी, खडी फोडणं. राज्यभर लाखो माणसं रस्त्याच्या कामावर उभी होती. त्या लढ्यांतून रोजगार हमी आली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि २००५ ला तीच कल्पना देशाचा कायदा झाली. शंभर दिवस, आणि दुष्काळ जाहीर झालेल्या भागात आणखी पन्नास दिवस देण्याची सोय त्यात होती. म्हणजे जाहीर होणं न होणं हा आपल्या चुलीचा प्रश्न झाला. दिवस आणि नावं दिल्ली बदलत राहते. काम मागण्याचा हक्क मात्र मिलो खाऊन खडी फोडणाऱ्यांनी मिळवलेला आहे. तो सोडू नका. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. एकीकडे पोट जळत होतं, एकीकडे डोकं. दोन्ही एकाच वर्षी पेटलं, हे लक्षात ठेवा.

बाबासाहेबांना आपण पुतळ्यात पाहतो. पाण्याच्या अंगानं पाहा. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तो हक्काचा लढा. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. तेव्हा दामोदर, महानदी ह्या नद्यांच्या योजनांचा पाया त्यांच्या हातून पडला, केंद्राचं पाण्याचं खातं उभं राहिलं. तो नियोजनाचा लढा. तळ्यावर हक्क पाहिजे आणि नदीचा हिशेबही आला पाहिजे. एक ओंजळ आणि एक वही. आपण ओंजळ उचलली, वही तिथंच राहिली. आणि १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब ह्याच भंडाऱ्यातून उभे होते. भंडाऱ्यानं त्यांना पाडलं. ते कर्ज ह्या जिल्ह्यावर आहे.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि मग १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले. का? जमीन नसेल तर पावसाची मोजणीसुद्धा दुसऱ्याची होते. आणि जमीन मिळवून मान वर केली तर काय होतं, ते मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीनं २९ सप्टेंबर २००६ ला दाखवलं. भोतमांगे कुटुंबाची पाच एकर जमीन, तिच्यातून वाट काढायचा वाद, आणि त्यातून एका घरातली चार माणसं कापली गेली. धानाच्या दिवसांत. मी हे इथं डोळ्यांत पाणी आणायला सांगत नाही. पाण्याचा, जमिनीचा, पाटाचा हिशेब मागणं म्हणजे काय, ते आधीच कळून घ्या. म्हणून एकट्यानं वही धरू नका. वस्तीनं धरा. आणि आपल्या वस्तीपुरतीही धरू नका. पाटाच्या शेपटाला जो कुणबी, पोवार, तेली, गोंड, ढीवर तहानलेला आहे, त्याची नोंद त्याच वहीत घ्या. जात पाहून पाऊस मोजला तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

आता कामं सांगतो. टाळ्या नकोत, लिहून घ्या.

एक. पाऊस मोजा. उभ्या सरळ भिंतीचा डबा घ्या, तळ सपाट पाहिजे. झाडापासून, छपरापासून लांब, उघड्यावर घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा, डबा ओता. हवामान खातंही साडेआठलाच मोजतं, म्हणजे दोन वह्या जुळवता येतात. अडीच मिलिमीटरच्या खाली पाऊस असला तर तो पावसाचा दिवस धरत नाहीत. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी. अडीच मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर. मिलिमीटर हा शब्द कवितेत बसत नाही असं म्हणू नका. मी कविता लिहितो. ज्या शब्दावर माणसाची भाकर टांगलेली आहे तो शब्द कवितेत बसलाच पाहिजे. हे काम आठवीतल्या पोरीकडे द्या, ती एक दिवस चुकवणार नाही.

दोन. तळं मोजा. तुडुमाजवळ नाहीतर पाळीला लागून रंगाच्या खुणा केलेली काठी रोवा. पंधरवड्याला पाणी कितव्या खुणेवर आहे ते लिहा. पाट कधी सुटला, शेपटाला पाणी कोणत्या दिवशी पोचलं, पोचलंच नाही तर कोणत्या बांधीपर्यंत आलं, लिहा. तळ्याचं क्षेत्र कागदावर किती आणि आज उभं पाणी कितीवर, हा प्रश्न ग्रामसभेत विचारा. निस्तारपत्रकाची, वाजिब-उल-अर्जची नक्कल काढा. त्यात गावाचे जुने हक्क लिहिलेले आहेत. ते मागितल्याशिवाय कोणी वाचून दाखवत नाही.

तीन. दिवस मोजा. पऱ्हे कधी टाकले, रोवणी कधी लागली, कधी थांबली. प्रत्येक घरातल्या बाईला रोवणीचे, निंदणाचे, कापणीचे किती दिवस मिळाले, मजुरी काय मिळाली. कोण कधी गाव सोडून गेलं, कुठं गेलं. हा रकाना सरकारच्या वहीत नाही, म्हणून आपल्या वहीत पहिला पाहिजे. दोन वर्षांची वही समोर ठेवली तर कोणत्या आठवड्यात काम मागायचं ते आधीच कळतं. आणि कामाची मागणी तोंडी करू नका, लेखी करा, पोच घ्या.

चार. बटईवाल्यांची यादी करा. गट नंबर, किती एकर, कोणतं धान. जमीनवाल्याशी भांडण नको असेल तर नको. पण पंचनाम्याच्या वेळी उभं पीक कोणाच्या घामाचं आहे हे ग्रामसभेच्या ठरावात आलं पाहिजे.

पाच. बी राखा. भारी धान पाच महिन्यांच्या घरात जातं, हलकं साधारण चार महिन्यांत येतं. तळ्याखालच्या बांधीत भारी चालेल, पाटाच्या शेपटाला आणि उंचावर हलकंच टाका. पऱ्हे एकदम टाकू नका, दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा टाका. पाऊस लांबला तर एक तरी खेप तरुण राहील. थोडं हलक्या धानाचं बी वस्तीनं मिळून वेगळं ठेवा. धान कापायच्या आधी ओल आहे तोवर उतेऱ्याला लाखोळी, जवस टाका. हे तुमच्या बापाला ठाऊक आहे, मी फक्त आठवण देतो. साकोलीला कृषी संशोधन केंद्र आहे, ते आपल्याच पैशानं चालतं. तिथं जाऊन विचारायला लाजू नका.

आणि कोणी म्हणालं की अडाण्यांना काय कळतं बियाण्यातलं, तर त्याला दादाजी खोब्रागड्यांचं नाव सांगा. चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. दीड एकराचा आपला माणूस, तिसरी शिकलेला. ऐंशीच्या दशकात त्यानं बांधीतल्या वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षं निवडल्या आणि एचएमटी धान उभं केलं. साऱ्या धानपट्ट्यानं ते पेरलं. विद्यापीठानं १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी काढलं. दादाजी ३ जून २०१८ ला गेले, अंगावर गरिबीच घेऊन गेले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. नजर होती. मी आज जी नजर मागतोय ती हीच.

सहा. तळ्यातला गाळ आणि बेशरम. गाळ काढायचं काम उन्हाळ्यात रोजगार हमीतून मागा. एका कामात तीन कामं होतात. मजुरी मिळते, तळं खोल होतं, गाळ शेतात पडतो. फक्त गाळ कोणाच्या शेतात पडतो ते वहीत लिहा, नाहीतर तळं सरकारचं, मजुरी आपली आणि सोनं पाटलाच्या शेतात. भंडारा-गोंदियात ढीवर बायांनी तळ्यातली बेशरम उपटून देशी वनस्पती लावल्या, मासोळी परत आणली. त्यांच्याकडे जा, शिका.

ह्या वहीला तहसीलदार मानेल का? पहिल्या वर्षी मानणार नाही. हसेल. म्हणेल, हा डबा प्रमाणित आहे का? आपण म्हणायचं, नाही साहेब, तुमचं यंत्र प्रमाणित आहे. मग आमच्या डब्यात सलग चोवीस दिवस शून्य, तुमच्या मंडळात आठ दिवस पाऊस, हा फरक कशाचा, ते येऊन पाहा. त्याला यावं लागेल. दहा गावांच्या वह्या एकदम टेबलावर पडल्या तर त्याला उत्तर द्यावं लागेल. मोर्चा आपण शंभर काढले. निवेदनं दिली, साहेबानं घेतली, टोपलीत टाकली. कारण निवेदनात आपलं रडणं होतं, आकडा नव्हता. रडणाऱ्याला साहेब धीर देतो. आकडेवाल्याला उत्तर द्यावं लागतं. यापुढं मोर्चाच्या पुढं झेंडा असेल आणि झेंड्याच्या मागं वही असेल.

आणखी एक. वही मिळाली म्हणून पाऊस पडणार नाही. जमीन वाटली जाणार नाही. वही म्हणजे क्रांती नव्हे, हे मला कळतं. पण ज्याच्या वहीत आपण नाही त्याच्या यादीतही आपण नाही, आणि ज्याच्या यादीत नाही त्याच्या लेखी आपण जन्मलोच नाही. दोन हजार वर्षं दुसऱ्यांनी आपला हिशेब लिहिला आणि प्रत्येक पानावर आपल्याला देणेकरी दाखवलं. पोथी त्यांची, सातबारा त्यांचा, पैसेवारी त्यांची. आता लेखणी आपल्या हातात आहे. तिनं घोषणा लिहा, कविता लिहा आणि रोज सकाळी साडेआठला मिलिमीटर लिहा.

मृग लागायला दिवस थोडे आहेत. इथून उठताना प्रत्येक गावाचा एक माणूस आणि एक बाई, दोन नावं ह्या टेबलावर देऊन जा. डबा कुठं बसवायचा ते आज ठरवून जा. पहिली सर येईल तेव्हा तुमचं पहिलं पान कोरं असू नये.

जयभीम!